दुधाच्या टँकरनं आलेले सायकलचे धडे

केडगाव, ता. दौंड
२ डिसेंबर २०२५

मा. चेअरमनसाहेब,
दूध डेअरी, मांडवगण फराटा, ता. शिरूर

सप्रेम नमस्कार.

मी दबोरा. तीस वर्षं दवाखान्यात नर्स होते, आता रिटायर झाले आणि केडगावचं सायकल मंडळ चालवते. मंडळात आम्ही एकोणीस जण आहोत, त्यात अकरा बायका. सगळ्यात थोरल्या सिंधूबाई सदुसष्ट वर्षांच्या आहेत आणि माझ्यापेक्षा जोरात चालवतात, हे मला आवडत नाही पण खरं आहे.

कारण असं की २२ फेब्रुवारीला, रविवारी, भुलेश्वरच्या घाटात सायकलची शर्यत आहे. कासुर्डीहून सुटणार, यवतवरून वळून घाट चढून वर देवळापाशी संपणार. आधी मुलींची, मग मुलांची. आम्ही सगळे ती बघायला जाणार आहोत आणि जाणार सायकलनंच. आजूबाजूच्या गावांनाही बरोबर घ्यावं असं मनात आलं म्हणून हे पत्र. तुमच्याकडून किती जण येतील ते कळवा. शनिवारी दुपारी इकडं यायचं, रात्री आमच्या चर्चच्या हॉलमध्ये मुक्काम, पहाटे निघायचं. रविवारची उपासना बुडणार, पण पाळकसाहेबांशी बोलून शनिवारी संध्याकाळीच प्रार्थना उरकून घेतोय.

अट एकच. सायकल स्वतः चालवायची. पिकअपमध्ये बसून सायकल नुसती धरून ठेवणारे मागच्या वर्षी दोघं होते, त्यांना या वर्षी बोलावलेलं नाही.

हे पत्र तुमच्या टँकरचा ड्रायव्हर भैरू याच्याकडं देते. तो रोज आमच्या दारावरून जातो.

आपली,
दबोरा

*

मांडवगण फराटा
५ डिसेंबर

दबोराबाईंना दत्तात्रयचा रामराम.

पत्र पोचलं. वाचून लई आनंद झाला. कालच्या मीटिंगमध्ये विषय घेतला. 'मांडवगण ते भुलेश्वर सायकल मोहीम समिती' स्थापन झाली. अध्यक्ष मी, उपाध्यक्ष माऊली, बाकी अकरा सदस्य. मी सभेत उभं राहून सांगितलं की सगळ्यात पुढं माझी सायकल असंल. टाळ्या झाल्या.

आता एक खासगी बाब. आमचा उपाध्यक्ष माऊली, माणूस चांगला, बावन्न वर्षांचा, अंगानं भरलेला, पण त्याला सायकल येत न्हाई. अजिबात न्हाई. लाजतो बिचारा. गावात शिकायला गेला तर पोरं दात काढतील. तर या वयात माणूस सायकल शिकू शकतो का? दोन-अडीच महिन्यांत घाट चढंल का? आन् शिकायचं कसं, ते तुम्ही लिहून कळवाल का? मी त्याला वाचून दाखवीन.

एक विनंती, फोन करू नका. माझा फोन डेअरीच्या टेबलावर असतो, जो येईल तो उचलतो. व्हॉट्सअ‍ॅप तर डेअरीच्या कंप्युटरवर उघडंच असतं, तिथं कामाला असलेली करुणा दुधाचं फॅट काढता काढता सगळे मेसेज वाचती. कागदच बरा. भैरूला मी सांगितलंय की चिठ्ठ्या दुधाच्या तपासणीच्या हायत.

आपला,
दत्तात्रय (चेअरमन)

*

केडगाव
९ डिसेंबर

दत्ताभाऊ,

शिकतो की. सिंधूबाई साठीनंतर शिकल्या. माऊलींना सांगा, घाबरायचं काही काम नाही. मी पेशंटला इंजेक्शन द्यायचे तेव्हा सुई दाखवायची नाही, त्याच रीतीनं शिकवते.

भैरूच्या टँकरला मागं एक लेडीज सायकल बांधून पाठवलीय. दांडी मध्ये नाही, त्यामुळं पडायची वेळ आली तर उतरता येतं. माझे यजमान सत्यवान दौंडच्या रेल्वेत होते, नटबोल्ट दिसला की त्यांना राहवत नाही. त्यांनी पायडल काढून ठेवलेत. ते मुद्दाम. पायडलशिवाय सायकलवर बसायचं आणि पायानं जमीन ढकलत पुढं जायचं, लहान मूल पांगुळगाड्यावर जातं तसं. पहिले आठ दिवस एवढंच. दोन्ही पाय उचलून दहा आकडे मोजता आले की कळवायचं. नजर चाकावर ठेवायची नाही, लांब ठेवायची. जिकडं बघाल तिकडं सायकल जाते.

माऊलींची उंची तुमच्याएवढीच असेल असं धरून सीट खाली केली आहे.

दबोरा

*

मांडवगण फराटा
२१ डिसेंबर

दबोराबाई,

दहा आकडे झाले! काल तेरा मोजले आन् चौदाव्याला उसात गेलो.

आता 'गेलो' लिवलंच हाय तर लपवून काय उपयोग. तुम्ही सीटच्या उंचीवरूनच मला धरलंत हे मला तवाच कळलं होतं. माऊली न्हाई, मीच. खरा माऊली वीस वर्षं सायकलवर दुधाचे कॅन घालत होता, तो दोन्ही हात सोडून तंबाखू मळत चालवतो. त्याला हे समजलं तर मला मांडवगण सोडून सणसवाडीत खोली भाड्यानं घ्यावी लागंल.

आमच्या घरी बैल होते, मग राजदूत आली, मग बुलेट. आमचे वडील कोंडिबा म्हणायचे, सायकल आपल्या दाराला शोभत न्हाई. सातवीत एकदा चोरून भाड्याची सायकल घेतली आन् सरळ उकिरड्यात शिरलो. मुलींची शाळा सुटायची वेळ. तवापासून सायकलचं नाव काढलं न्हाई.

शिकतो कुठं म्हणाल, तर आमच्या उसामधल्या वाटेवर, उजाडायच्या टायमाला. दोन्ही बाजूंनी ऊस डोक्याच्या वर, कुणाला दिसत न्हाई. गावात बिबट्याची भीती हाय, म्हणून काठी, बॅटरी घेतो आन् मोबाइलवर भजन मोठ्यानं लावतो. झालं काय, लोकांना वाटलं चेअरमन एकटाच बिबट्याच्या पाळतीवर फिरतोय. परवाच्या सभेत माझ्या अभिनंदनाचा ठराव झाला. मी हार घालून घेतला. काय करणार?

आता खरी गोष्ट. तुमच्या मंडळात एक मुलगी हाय, स्नेहल. दौंडच्या कॉलेजात शिकती, होस्टेलला ऱ्हाती. ती माझी पोरगी. ती त्या शर्यतीत हाय हे मला तिच्या आईकडनं कळलं. आठ महिने झाले, ती माझ्याशी बोलत न्हाई. दिवाळीलाबी आली न्हाई. एप्रिलमध्ये पेपरात तिचा फोटो आला होता, कुठल्या तरी शर्यतीचा, त्या तंग चड्डीतला. लोक डेअरीत पेपर हातात घेऊन माझ्याकडं बघायला लागले. मी घरी जाऊन तिच्यासमोर पेपर फाडला आन् म्हणालो, या घरात ऱ्हायचं तर सायकल सोड. ती म्हणाली, आप्पा, तुम्ही कधी सायकलवर बसलात का? एकदा चढ चढून बघा, मग मला शिकवा. आन् बॅग उचलून गेली.

मी बोलेरोत बसून तिथं गेलो तर ती मला बघणारसुद्धा न्हाई. म्हणून मला सायकलवर जायचंय. समितीबिमिती सगळं वरवरचं. पोरीनं मला तिची शर्यत बघू द्यावी, एवढंच हाय. तिला यातलं काही सांगू नका, हात जोडतो.

दत्ता

*

केडगाव
२६ डिसेंबर

दत्ताभाऊ,

तुमचं पत्र मी नाताळच्या करंज्या तळताना वाचलं आणि एक घाणा करपला. सोबतचा डबा त्या करपलेल्यांतला नाही.

स्नेहल कुणाची मुलगी आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पत्रं मी पाच गावांना पाठवणार होते, पण पहिलं मांडवगणला लिहिलं, ते काय उगाच? माणूस येतो का बघावं म्हटलं. तुम्ही इतक्या लांबून याल, आणि तेही चाकावर चाचपडत, असं मात्र वाटलं नव्हतं.

मी खोटं बोलत नाही. तिनं विचारलं तर सांगणार. पण तिनं विचारलं नाही तर आपणहून तोंड उघडणार नाही. ती फक्त रविवारी इथं येते, पत्रं मी पिठाच्या डब्यात ठेवते.

पेपर फाडलात ते वाईट केलंत. एवढंच लिहिते, कारण तुम्हाला ते कळलेलं दिसतंय.

आता दुसरा धडा. पायडल या डब्याबरोबर पाठवलेत, सत्यवाननी चिठ्ठी लिहिलीय कुठला डावा, कुठला उजवा. एक पायडल वर घ्यायचं, त्यावर जोर देऊन निघायचं, दुसरा पाय आपोआप वर येतो. ब्रेक दोन्ही एकदम, हळू. नुसता पुढचा दाबलात तर सायकल थांबेल आणि तुम्ही थांबणार नाही. लेंगा पायाशी बांधून घ्या. पडलात की जखम साबणानं धुवायची, हळद भरून झाकायची नाही. हे मी तीस वर्षं सांगतेय आणि कुणी ऐकत नाही.

दबोरा

*

मांडवगण फराटा
१६ जानेवारी २०२६

दबोराबाई,

तिळगूळ घ्या, गोड बोला. मागच्या पत्रात दोन वाक्यं कडू होती, पण ती माझ्याच कर्माची.

चालवता यायला लागली! उसाच्या वाटेवरनं कॅनॉलपर्यंत आन् परत, तीन किलोमीटर, पाय न टेकता. परवा वाऱ्यावर शर्ट फुगला तवा मी एकटाच मोठ्यानं हसलो. बावन्न वर्षांत हे कुणी सांगितलंच न्हाई की सायकलवर असं वाटतं. आमच्या पोरीला रोज असं वाटत असंल, आन् मी तिला म्हणालो सोड.

सुलक्षणाला, म्हंजी आमच्या मंडळींना, कळलं. गुडघ्याची हळद बघून तिनं धरलं. (व्हय, भरली हळद.) मला वाटलं हसंल. ती दुसऱ्या दिवशी पहाटे चहाचा थर्मास घेऊन उसाच्या तोंडाशी येऊन बसली. ती दर महिन्याला पोरीला भेटायला दौंडला जाती हेबी तवाच सांगितलं. मला नऊ महिने माहेरची कारणं सांगत होती. घरात सगळ्यांनाच चोऱ्या करायला लागल्यात.

आता लाजत लाजत लिवतो, तुम्ही नर्स होता म्हणून. आठ-दहा किलोमीटर झाले की बसायच्या जागेची जी काय गत होती ती सांगवत न्हाई. डेअरीत खुर्चीवर उशी घेऊन बसतो. करुणा विचारती, मूळव्याध का? इंटरनेटवर बघितलं तर त्यावर उपाय तीच तंग चड्डी. आत गादी शिवलेली असती म्हणे! बाई, ती चड्डी दिसण्यासाठी नसती, हे आता मला बुडाखालनं कळलं. पोरगी तोंडानं सांगत होती तवा कळलं न्हाई.

तर ती कुठं मिळंल? साईज लिवतो, कमर चाळीस. भैरूला पुडकं नीट बांधून द्या.

दत्ता

*

केडगाव
३० जानेवारी

दत्ताभाऊ,

पुडकं पाठवणार होते. पाठवत नाही.

आज दुपारी चौफुल्यावर गेले तर तिथं दहा फुटी फ्लेक्स. 'मांडवगण ते भुलेश्वर सायकल मोहीम. मार्गदर्शक व प्रेरणास्थान, मा. दत्ताआप्पा.' आणि खाली कुणा परदेशी शर्यतवाल्याच्या अंगावर तुमचं मुंडकं! फेट्यासकट! आणि खाली तीच तंग चड्डी. सत्यवान रस्त्यात उभे राहून इतके हसले की मला त्यांना पाणी द्यावं लागलं. मी हसले नाही. कारण यवतच्या स्टँडवर असलाच फ्लेक्स स्नेहलनं काल पाहिलाय.

आज रविवार नसतानाही ती आली, सायकल भिंतीला लावली आणि म्हणाली, "बाई, माझ्या चड्डीची लाज वाटते म्हणून पेपर फाडला, आणि स्वतःचा फोटो तसल्याच चड्डीत चौकात लावलाय. आता माझी शर्यत यांच्या सत्काराला पाहिजे. ते गाड्या घेऊन, पोरं घेऊन स्टेजवर बसायला येणार असतील तर मी सुटणारच नाही." मग ती माझ्या ओट्यापाशी बसून रडली. मी तोंड उघडलं नाही, कारण तसा शब्द दिला होता. फार जड गेलं मला.

तुम्ही एकीकडं पहाटे लपून सायकल शिकता आणि दुसरीकडं चौकात प्रेरणास्थान होता. यातले खरे दत्ताभाऊ कोण ते ठरवा आणि मग मला लिहा.

दबोरा

*

मांडवगण फराटा
२ फेब्रुवारी

दबोराबाई,

फ्लेक्स नऊ होते. नऊच्या नऊ काल मी स्वतः काढले. चौफुल्यावरचा काढताना शिडीवर होतो तर खालनं एक जण म्हणाला, आप्पा, फोटोत बारीक दिसताय. मी म्हणालो, व्हय, तो मी न्हाईच.

ते पोरांनी केलं हे खरं, पण प्रूफ मला दाखवलं होतं हेबी खरं. मला तवा आवडलं. आमच्याकडं काही करायचं म्हटलं की आधी फ्लेक्स, मग काम, अशी सवय लागलीय. त्यात पोरीला काय वाटंल हे डोक्यातच आलं न्हाई. माझी अक्कल तिथं शेण खायला गेली होती.

काल रात्री सभा घेतली. उभा ऱ्हायलो आन् सगळं सांगून टाकलं. मला सायकल येत नव्हती, दोन महिने उसात शिकतोय, बिबट्याचा ठराव मागं घ्या. मग माऊली उठला आन् म्हणाला, "आप्पा, सगळ्या गावाला ठाऊक हाय. तुमचं भजन तीन शेतं ओलांडून ऐकू येतं. मध्येच थांबलं की आम्ही म्हणायचो, पडले." लोक हसून हसून लोळले बाई. मीबी हसलो. सातवीपासून ज्याला भ्यायलो ते एवढंच होतं.

समिती बरखास्त. गाड्या न्हाईत, पोरं न्हाईत, सत्कार न्हाई. आम्ही तिघंच येणार. मी, माऊली आन् करुणा. बाकीच्यांना सायकल नको, स्टेजच हवं होतं.

स्नेहलला आता सगळं सांगा. मी शब्दातनं मोकळं केलं तुम्हाला. तरीबी ती येऊ नका म्हणाली तर मी येणार न्हाई. घरीच बसंन. पण शिकायचं सोडणार न्हाई.

दत्ता

*

केडगाव
१२ फेब्रुवारी

दत्ताभाऊ,

पुडकं सोबत आहे. कमर चाळीस.

स्नेहलला पिठाचा डबाच पुढं केला. तिनं सगळी पत्रं वाचली, दोनदा. उसात गेल्याचं वाचून हसली, बुडाखालचं वाचून तर फारच. मी विचारलं, येऊ देत का? तर म्हणाली, "घाटातला रस्ता काय माझ्या बापाचा आहे? कुणीही येऊ दे. पण सायकलवर." वर मान न करता म्हणाली. मी याचा अर्थ हो असा घेतला आहे, तुम्हीही तसाच घ्या.

आता चढाचा धडा, नीट वाचा. ती लेडीज सायकल घाटात चालणार नाही, सत्यवानची गिअरची टँकरला बांधून पाठवतेय. मधले दिवस तिच्यावर सराव करा. चढ दिसायच्या आधीच गिअर हलका करायचा, चढावर आल्यावर नाही. बसून मारायचं, उठून नाही. श्वास नाकातोंडातून, कसाही, पण मोजून. दम लागला तर उतरा, चालत ढकला, त्यात कमीपणा नाही. वरचं देऊळ बघू नका, पुढचं वळण बघा.

शनिवारी चारपर्यंत पोचा. रविवारी पाचला निघायचं. आठला पोलीस घाटाचा रस्ता बंद करतात, त्याआधी निम्म्यावर तरी पोचलं पाहिजे. मागं एक पिकअप असेल, पाणी आणि सामानासाठी.

दबोरा

*

मांडवगण फराटा
२४ फेब्रुवारी

दबोराबाई,

तुम्ही पुढं होता, मंडळ सांभाळत होता, म्हणून मागं काय झालं ते तुम्हाला ठाऊक न्हाई. भैरू टँकर घेऊन दारात उभा हाय, त्याला म्हणालो, थांब, आज तपासणीचा रिपोर्ट मोठा हाय.

यवतपर्यंत झकास आलो. पण घाटाच्या पायथ्याला लेंगा साखळीत अडकला आन् टरकन फाटला. वरनं लेंगा घातलाच होता हो, एवढी वर्षांची लाज एका दिवसात कुठं जाती? माऊलीनं विळ्यानं कापून काढला आन् म्हणाला, चला आता, फ्लेक्सवानी दिसताय. मग तसाच निघालो, चड्डीवर. दोन वळणं बसून मारली. तिसऱ्याला उतरलो. माऊली आन् करुणाला म्हणालो, तुम्ही व्हा पुढं. मी थोडं चालत, थोडं चालवत. निम्म्यावर येऊन घड्याळ बघतोय तोवर शिट्टी झाली. पोलीस म्हणाला, काका, आता जिथं हाय तिथंच थांबा, कठड्याला लागून.

मी थांबलो. एकटाच. तो पोलीस सोडला तर त्या वळणावर दुसरं कुणी न्हाई. आधी मोटारसायकली गेल्या, मग मुली यायला लागल्या. मी मोजत होतो. पहिली आली, लई पुढं. मग चार जणी. मग एक. मग बराच वेळ कुणी न्हाई. मला वाटलं ती सुटलीच न्हाई, मी आलो म्हणून. बाई, ती दोन मिनिटं मला दहा महिन्यांपेक्षा मोठी गेली.

मग खालनं ती आली. तोंड लालबुंद, दात आवळलेले. काय काय ओरडायचं मी पाठ केलं होतं. बैलगाडा पळताना आमच्याकडं निवेदक बोलतो तसं सगळं जुळवलं होतं. तोंडातनं निघालं एवढंच, "स्नेहल, मी सायकलवर आलोय गं!" आन् त्या भरात मी सायकल घेऊन दोन पावलं रस्त्यात आलो. तिनं बघितलं. वरपासनं खालपर्यंत बघितलं. आन् म्हणाली, "दिसतंय आप्पा! सरका रस्त्यातनं!"

दहा महिन्यांनी पोरगी बोलली. मी सरकलो आन् कठड्यावर बसून लहान पोरासारखा रडलो. पोलीस म्हणाला, काका, काय होतंय का? मी म्हणालो, माझी पोरगी हाय ती.

नंतर वर आलो. ती सातवी आली हे तुम्ही मला सांगितलंत तवा मला वाटलं सात म्हंजी काय तरी कमी हाय, बैलगाड्यात सातव्याला कोण विचारतं? करुणा म्हणाली, आप्पा, बेचाळीस जणी होत्या. मग मात्र मी लई मिरवलो.

पोरगी बाटलीतलं पाणी पीत उभी होती. मग जवळ आली आन् माझ्या टायरवर अंगठा दाबून म्हणाली, हवा कमी आहे. मी म्हणालो, व्हय. एवढंच बोलणं झालं.

मुलांची शर्यत संपली, रस्ता मोकळा झाला, तुम्ही सगळे भुर्रकन खाली गेलात. सिंधूबाई तर हात हलवत. मी सायकलवर बसलो आन् खाली रस्ता बघितला तर पुढं जाववंना. घाट चढायचा कसा हे तुम्ही लिवलं, पण उतरायचा कसा हे एकाबी पत्रात न्हाई! ब्रेक धरले ते हातातनं सोडवंनात. म्हटलं पिकअपमध्ये बसू. पिकअप न्हाई, कुणी तरी आधीच खाली धाडलेली.

स्नेहलनं सगळं बघितलं. ती चुटकीसरशी खाली गेली असती. ती म्हणाली, "चला, चालत." तिच्या शर्यतीच्या बुटांना खाली लोखंड असतं, त्यानं चालता येत न्हाई. तिनं ते काढून हँडलला अडकवले आन् नुसत्या मोज्यांवर निघाली. मी माझ्या चपला काढून दिल्या, तर नको म्हणाली, मग घातल्या.

आम्ही दोघं सायकली हातात धरून चालत घाट उतरलो. अर्ध्या वाटेवर मी म्हणालो, पोरी, पेपर फाडला ते चुकलं माझं, लई चुकलं. ती म्हणाली, मला माहीत आहे, पिठाच्या डब्यात वाचलं. मी म्हणालो, वाचलंस ते येगळं, मला तोंडानं म्हणायचं होतं. मग ती रडली. मग आम्ही बोलतच ऱ्हायलो, माझ्या गुडघ्याचं, तिच्या आईच्या थर्मासचं, माऊली माझं भजन ऐकायचा त्याचं. ती एवढी बोलती हे मी विसरूनच गेलो होतो.

खाली आल्यावर ती दौंडला गेली. घरी ये असं माझ्या ओठावर होतं, पण धीर झाला न्हाई. नको म्हणाली असती तर? एवढं मिळालंय ते जपून ठेवतो. पण बाई, उताराचा धडा तुम्ही विसरलात कशा? माणूस मेला असता की.

तुमचा,
दत्ता

*

केडगाव
२६ फेब्रुवारी

दत्ताभाऊ,

तुमचं पत्र सत्यवानना मोठ्यानं वाचून दाखवलं. लेंग्यापाशी ते आडवे झाले आणि पिठाच्या डब्यापाशी मी.

मी तीस वर्षं औषधं दिली, एकही डोस विसरले नाही. धडा मी विसरले नव्हते. पिकअपही मीच खाली पाठवली. तुम्ही चुकून सायकलवरून घाट उतरायला निघालात तर धरायचं, एवढं माऊलींना सांगून ठेवलं होतं. ते आणि करुणा तुमच्या मागं थोडं अंतर ठेवून चालत होते, तुम्ही मागं वळून पाहिलं नाहीत. सायकलवर तो घाट उतरायला दहा मिनिटं लागतात. चालत सव्वा तास लागतो. मला तुम्हा दोघांसाठी तो सव्वा तास हवा होता. लबाडी केली, खरं आहे. रात्री प्रार्थनेत कबूल केली, आता तुमच्यापाशी करते.

स्नेहल काल संध्याकाळी आली होती. मी तिला म्हटलं, आता तुझ्या आप्पांना उतार शिकवायला हवा, पत्र लिहायला बसते. तिनं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. म्हणाली, "तुम्ही नका लिहू बाई. आमच्या मळ्यावरून कॅनॉलकडं जाताना बारकासा उतार आहे, तिथं मी शिकवते. एका दिवसात नाही व्हायचं पण, त्यांचा हात ब्रेकवर फार घट्ट बसतो." मग मला विचारलं, शनिवारी दुपारी दौंडहून मांडवगणला जायला एसटी किती वाजता आहे.

आज मी तिच्या होस्टेलवर गेले होते, कपड्यांची बॅग तिनं माझ्यासमोरच भरली. चांगली मोठी आहे. सुलक्षणाताईंना सांगून ठेवा.

दबोरा